निळा डबा

आमच्या मालवणात रेल्वे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आगगाडीवर लिहिण्याचा या माणसाला अधिकार काय, असे कोणी तरी जाणकार विचारायचा. गाडी धरायची तर आम्हाला कुडाळला नाहीतर कणकवलीला जावे लागते. तरीही कोकण रेल्वेविषयी मालवणी माणूस ज्या अधिकारवाणीने बोलतो, तितक्या अधिकाराने खुद्द रेल्वेमंत्रीसुद्धा बोलत नसतील. त्याला कारण आहे. या गाडीची वाट आम्ही तीन पिढ्या पाहिली. आजोबा बोटीने मुंबईस गेले. मालवणच्या बंदरात बोट दूर उभी राहायची आणि पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत पोचावे लागायचे. पावसाळ्यात तीही बंद. वडिलांच्या वाट्याला बोट आणि पुढे एस.टी. अशा दोन्ही आल्या. मी रात्रभर घाटातून एस.टी.ने आदळत गेलेला माणूस. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग सुरू झाली, तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटणारे जे होते त्यांतल्या निम्म्यांनी पुढे दोन वर्षे त्या गाडीत पाऊलही टाकले नव्हते. पण गाडी आली होती, आणि ती आपली होती.

त्या गाडीचा डबा निळा होता. माझ्या वयाच्या चाकरमान्याला कोकणकन्या म्हटली की तो निळा डबाच डोळ्यांपुढे येतो. खिडकीच्या आडव्या गजांत बोटे अडकवून बसलेली मुले, बाकाखाली काजूच्या पिशव्या, कोणाच्या तरी डब्यातल्या सुक्या बांगड्याचा वास, आणि पहाटे चिपळूण की रत्नागिरी यावर दोन अनोळखी माणसांत जुंपलेला वाद. 2019 च्या जून महिन्यात कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्यांचे डबे बदलले. बोरीबंदरच्या फलाटावर (मी अजून बोरीबंदरच म्हणतो, सवय जात नाही) तांबड्या-करड्या रंगाची लांबलचक नवी गाडी उभी होती. हमाल डब्याचा नंबर नीट सांगत होता, पाटीवर नाव बरोबर होते, तरी मी दोनदा विचारून घेतले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गाडी बदललीय, गाव नाही बदललं. चढा."

जुन्या डब्याची जन्मकथा माझ्या भावोजींनी मला सांगितली. थोरल्या बहिणीचे हे यजमान माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षे होते. 1915 सालचा तो कारखाना. कामाला आलेले डबे उघडायचे, दुरुस्त करायचे, रंगवून परत धाडायचे हे त्याचे काम. मद्रासजवळ पेरांबूरला 1955 मध्ये एका स्विस कंपनीच्या मदतीने डब्यांचा कारखाना निघाला आणि त्या साच्याचे डबे साठ वर्षांहून अधिक काळ तिथून बाहेर पडत राहिले. शेवटचा 2018 च्या जानेवारीत निघाला. एवढ्या वर्षांत या देशातला बहुतेक मनुष्य त्यात कधी ना कधी झोपलेला आहे. आणि झोपण्याविषयी म्हणाल तर त्यात आमच्या कोकणाचाही थोडा वाटा आहे. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गात नुसत्या लाकडी फळ्या असत. त्यांवर गादी घालायची कल्पना त्यांनी अंमलात आणली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेल्या मुंबई-हावडा गीतांजलीत ती प्रथम दिसली. दोन इंचांचीच गादी, पण फळीवर रात्र काढलेल्यालाच तिची किंमत कळावी. खासदार कोकणचे असून गादी आधी बंगालच्या गाडीला मिळाली, अशी तक्रार आमच्या गावात बरीच वर्षे चालली. त्या वेळी आमच्याकडे रूळच नव्हते, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांच्या ध्यानात येत नसे.

असा डबा साधारण पंचवीस वर्षे चालवायचा, मग निकालात काढायचा. भावोजी सांगत, निकालात काढणे म्हणजे एकदम भंगार नव्हे. धडधाकट असेल तर तो दुसऱ्या गाडीला जोडतात. काहींच्या खिडक्या पत्र्याने बंद करून, टोकाला मोठी दारे लावून त्यांतून नव्या मोटारी वाहून नेतात. ज्या बाकावर आमच्या आत्याबाई रत्नागिरीपर्यंत मांडी घालून बसल्या, तिथे आता कोणाची तरी कोरी मोटार बसत असेल. बोरीबंदरलाच 2021 मध्ये एका जुन्या डब्यात खाणावळ थाटली आहे. ज्यांचे यांपैकी काहीच होत नाही त्यांची चाके, बाक, दिवे काढून घेतात आणि उरलेला सांगाडा लिलावात जातो. पूर्वी व्यापारी यार्डात येऊन, पत्र्यावर थाप मारून बोली करीत. आता सगळे संगणकावर. मग गॅसकटर येतो आणि डब्याचे तुकडे होऊन ते वितळायला जातात.

यात एक गमतीची गोष्ट आहे. आमच्या गावच्या एका गृहस्थांनी चोरबाजारातून आगगाडीतला पंखा विकत आणला. जाळीदार, भक्कम, रेल्वेची अक्षरे कोरलेला. किंमत भरपूर घासाघीस करून दिली. गावी आणून पडवीत टांगणार, एवढ्यात भावोजी तिथे टपकले. त्यांनी पंखा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हो पंखो घरच्या करंटार चलाचो नाय." डब्यातली वीज 110 व्होल्टची, तीही बॅटरीची, घरात येते ती दुसरी. चोरांनी नेऊ नयेत म्हणूनच हे असे, अशी प्रवाशांत समजूत आहे. भावोजींच्या मते डब्याखालच्या बॅटऱ्यांना जे जमते ते त्यांनी केले, चोराचा विचार कोणी केला नव्हता. गृहस्थांनी पंखा तरीही टांगला. शोभेला.

आता नव्या डब्याचे. त्याचा आराखडा जर्मन, अंग बिनगंजाच्या पोलादाचे, लांबी जुन्यापेक्षा दोनेक मीटरने अधिक. स्लीपरच्या डब्यात जुन्यात 72 माणसे निजत, यात 80. चालू लागताना आणि थांबताना तो धक्का देतो, चहाचा पेला हातात असेल तर शर्टावर येतो, याबद्दल प्रवाशांची कुरकुर असते आणि ती खोटी नाही. मी ती कुरकुर एका दिवाळीत थोरल्या भावासमोर केली. निळ्या डब्याचे गुणगान चांगले दहा मिनिटे चालले होते. दादा शेगडीपाशी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "तो भंगारात गेलो, बरा झाला."

दादा 22 जून 2003 च्या रात्री त्या गाडीत होता. सुटीची खास गाडी कारवारहून मुंबईकडे निघालेली. वैभववाडीजवळ पावसाने डोंगराचे दगड रुळावर आले आणि गाडी त्यांवर गेली. इंजिन आणि पुढचे डबे रूळ सोडून उलथले. पन्नासच्या आसपास माणसे गेली. मुंबईत आमच्या चाळीत एकाच घरी फोन होता आणि त्याच्याभोवती रात्रभर वीस माणसे उभी होती, कारण प्रत्येकाचे कोणी ना कोणी सुटीवरून परतायचे होते. दादा मागच्या डब्यात होता. त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकू आला. अंधारात, पावसात, हातातल्या विजेरीने त्याने जे पाहिले ते त्याने आजवर कोणालाही सांगितलेले नाही. वहिनींनाही नाही. एवढेच ठाऊक आहे की त्यानंतर दोन वर्षे तो एस.टी.ने जात-येत असे.

नव्या डब्यांची जोडणी अशी असते की अपघातात एक डबा दुसऱ्यावर चढत नाही, निदान चढण्याची शक्यता बरीच कमी. हे मी दादाला सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. पण पुढल्या खेपेस तो कोकणकन्येने आला. 2 जून 2023 रोजी ओरिसात बालासोरला नवे डबे असलेल्या गाडीचाही भीषण अपघात झाला. त्या आठवड्यात गोव्याच्या 'वंदे भारत'चा शुभारंभ होता, तो लांबवून 27 जूनला केला. तेव्हा नुसत्या डब्याने माणूस सुरक्षित होतो असे कोणी समजू नये. रूळ, सिग्नल आणि पावसाळ्यात डोंगर राखणारा माणूस हेही लागतातच. तरी पोलादाचा डबा निळ्या डब्यापेक्षा बरा, यात दादाशी वाद घालायची माझी छाती नाही.

मला सलते ते वेगळेच. डबे नवे आले तसे अनेक गाड्यांत थंड हवेचे डबे वाढले आणि साधे स्लीपर घटले. 'वंदे भारत' झकास गाडी आहे, कणकवलीला थांबते, खुर्ची मऊ आहे. पण आमच्या चुलतभावाचा मुलगा लालबागला एका दुकानात नोकरीला आहे. त्याची बायको, दोन मुले आणि म्हातारी धरून पाच तिकिटे होतात. थंड डब्याची पाच तिकिटे म्हणजे गणपतीच्या मखराचा आणि पाच दिवसांच्या नैवेद्याचा खर्च एकदम. स्लीपरसाठी तो दोन महिने आधी पहाटे उठून बसतो, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी प्रतीक्षा यादीत जातो. गेल्या चतुर्थीला ते पाचहीजण एस.टी.ने आले. चौदा तास लागले. म्हातारी उतरली तेव्हा तिला सरळ उभे राहवेना. दादाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारले, "गाडी नाय गावली?"

"गाडी होती," ती म्हणाली, "जागो नव्हतो."