संथ, पण थांबलेलं नव्हे

नोकरीनिमित्त लायपझिगला आले आणि इथल्या हौशी वादकांच्या एका गटात मला दुसऱ्या व्हायोलिनची जागा मिळाली. त्या हिवाळ्यात बाखचा डी मायनरमधला दोन व्हायोलिनांचा कन्चेर्टो बसवायचं ठरलं. पहिलं व्हायोलिन एका निवृत्त शिक्षिकेकडे, दुसरं माझ्याकडे. बोटांची धावपळ पहिल्या आणि तिसऱ्या भागात आहे, पण आमचा खरा कस लागला तो मधल्या संथ भागात.

हा कन्चेर्टो साधारण 1730च्या सुमाराचा. बाख 1723 मध्ये लायपझिगला आला आणि 1729 मध्ये त्याने इथल्या ‘कोलेगियम म्युझिकुम’ या वादकमंडळाची सूत्रं हाती घेतली. विद्यार्थी आणि व्यावसायिक वादक एकत्र येत आणि कॅथरिनेनस्ट्रासेवरच्या त्सिमरमानच्या कॉफीहाऊसमध्ये त्यांचे कार्यक्रम होत. ती इमारत 1943च्या बॉम्बहल्ल्यात गेली. त्या रस्त्याने सरावाला जाताना मला बरं वाटायचं. देवळाइतकंच कॉफीच्या टेबलांमध्येही हे संगीत वाढलं, ही गोष्ट आम्हा हौशी मंडळींना धीर देणारी होती.

मधला भाग एफ मेजरमध्ये आहे. लहानपणी पेटीवर थाट शिकल्यामुळे मला त्याचं नातं चटकन उमगलं. डी मायनरचे मूळ स्वर आपल्या आसावरी थाटाचे. त्यातल्या कोमल गंधाराला षड्ज मानलं की बिलावल उभा राहतो, आणि तोच इथला एफ मेजर. म्हणजे सूर तेच, फक्त बसण्याची जागा बदललेली. म्हणून पहिल्या भागाच्या ताणानंतर हा भाग सुरू होतो तेव्हा आपण परक्या मुलखात गेलो असं वाटत नाही, त्याच दुःखाकडे दुसऱ्या बाजूने पाहिल्यासारखं वाटतं. पुढे षड्जही एका जागी राहत नाही. सी मेजरकडे जातो, मायनरच्या सावल्यांतून फिरतो आणि घरी परततो. तानपुऱ्याच्या अढळ ‘सा’वर वाढलेल्या माझ्या कानाला ही ये-जा फार विलक्षण वाटली.

सुरुवात दुसऱ्या व्हायोलिनची. एक लांब धरलेला एफ आणि तिथून खाली उतरत जाणारी ओळ. थोड्या वेळाने पहिलं व्हायोलिन तीच ओळ पंचमावरून घेतं. बाकीची तंतुवाद्यं फक्त साथ करतात. सगळं दोघांवर, आणि दोघांचा दर्जा बरोबरीचा.

वर सूचना लिहिली आहे, ‘लार्गो मा नॉन तांतो’ : संथ, पण फार नको. मेट्रोनोमचं पेटंट निघालं 1815 मध्ये, बाख गेला 1750 मध्ये. त्यामुळे आकडा कुठेच नाही. मोजणी बारा आठांशांची. बारा मात्रा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो, पण तिथे दोन-दोनचे सहा विभाग, इथे तीन-तीनचे चार. आम्ही बाराही मात्रा मोजून वाजवल्या तेव्हा प्रत्येक स्वर सुटा पडला. माझा गज टोकाला पोचायचा आणि स्वर अजून उरलेला असायचा. मग आमच्या चेलोवादकाने सगळ्यांना थांबवलं आणि एकट्याने खालची बासची ओळ वाजवली. चार मोठे हेलकावे. ते ऐकून आम्ही श्वास त्याच्याशी जुळवला आणि लय सापडली. लय आमच्यापैकी कुणी ठरवली नाही, ती खालून आली.

तरी एक कसोटी बाकी होती. जागोजागी एक व्हायोलिन स्वर धरून ठेवतं आणि दुसरं त्याच्या अगदी शेजारच्या स्वरावर येतं. शिक्षिकाबाईंचा स्वर थांबलेला असायचा, माझा त्याला येऊन घासायचा. हनुवटीखालच्या लाकडात ती खरखर जाणवायची. मग त्यांचा स्वर एक पायरी खाली उतरायचा आणि सगळं मोकळं व्हायचं. लगेच पाळी बदलायची. आता मी धरायचं, त्यांनी घासायचं. लय फार संथ झाली तर धरलेल्या स्वरातला जीव सुटकेआधीच संपतो; घाई केली तर घासणं कानाला लागतच नाही. योग्य लय म्हणजे टोचण पुरती जाणवेल आणि सुटकेपर्यंत दम टिकेल, एवढी. या भागातलं सांत्वन त्या टोचणीतूनच येतं. नुसत्या गोडव्याने ते आलं नसतं.

1736च्या सुमारास बाखने हाच कन्चेर्टो दोन हार्प्सिकॉर्डसाठी सी मायनरमध्ये बसवला. तिथे हा भाग ई फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि सूचना आहे ‘आंदांते’, चालत्या लयीची. हार्प्सिकॉर्डचा स्वर छेडला की विरू लागतो, धरून ठेवता येत नाही. वाद्याचा दम बदलला तशी सूचनाही बदलली. आमच्या तालमीत लयीवरून महिनाभर चाललेल्या वादाचं उत्तर मला त्यात मिळालं.

जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगांत या भागाच्या लांबीत चांगलाच फरक पडतो. 1932 मध्ये तरुण येहुदी मेन्युहिनने आपले गुरू जॉर्ज एनेस्कू यांच्याबरोबर केलेलं रेकॉर्डिंग ऐका, आणि त्याच्या जोडीला जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं, बहुधा अर्ध्या स्वराने खाली लावलेलं, एखादं आजचं. कुठलं बरोबर हे ठरवायची घाई करू नका. पहिल्या खेपेला फक्त दुसऱ्या व्हायोलिनच्या मागे जा, दुसऱ्या खेपेला फक्त चेलोच्या. वरची सुरावट मग आपोआप ऐकू येईल, आणि ती संथ का आहे तेही कळेल.