तीस दिवस की बत्तीस?

मुलीने तिकीट काढतानाच सांगितलं होतं, "आई, इस्तंबूलला तुझे चौदा तास जाणार आहेत. तिथे विमान कंपनीच गाव फिरवून आणते, फुकट. तुझा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे, त्यावर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. मी काढून ठेवते." मी हो म्हटलं खरं, पण जायचं नाही हे मनात पक्कं होतं. न्यू जर्सीला जाताना हे बरोबर होते. शेतीच्या कामांसाठी हे दोन महिने आधीच साताऱ्याला परतले आणि मी नातवासाठी मागे राहिले. आता एकटीने यायचं, त्यात परक्या गावात उतरायचं. बस चुकली तर? पासपोर्ट पडला तर? रात्रभर विमानात डोक्यात हेच चाललं होतं.

सकाळी सहाच्या आत उतरले. इस्तंबूलचा हा नवा विमानतळ २०१८ साली सुरू झाला. त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे आमच्या पोवई नाक्यावरून राजवाड्याला चालत गेल्यासारखं वाटलं. एका बाकावर टेकले. पाय सुजून बुटात रुतले होते. शेजारी साधारण माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, डोक्याला पिवळंधमक फडकं गुंडाळलेलं. नैरोबीच्या. लंडनला लेकीचं बाळंतपण करून घरी निघाल्या होत्या. माझ्या इंग्रजीपेक्षा त्यांचं इंग्रजी पुष्कळ सफाईदार, पण दोन आज्यांना बोलायला भाषा कितीशी लागते? त्यांनी फोनवर नातीचा फोटो दाखवला, मी नातवाचा. मग त्यांनी विचारलं, "तू टूरला येतेस ना?" मी मान हलवली, नाही म्हणून. त्या उठल्या, माझी पिशवी त्यांच्या पिशवीवर ठेवली आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत इथे बसून काय करणार? चल." माझ्या मोठ्या जाऊबाई अशाच ओढून नेतात. मी गेले.

टूरइस्तंबूल असं त्या सहलीचं नाव. तुर्की एअरलाइन्सने जाताना ज्यांना सहा ते चोवीस तास इथे थांबावं लागतं त्यांच्यासाठी ती असते. बाहेरच्या दालनात एक काउंटर आहे. तिथे पासपोर्ट आणि पुढच्या विमानाचा पास दाखवायचा, नाव लिहायचं, की झालं. बस, गाईड, जेवण, तिकिटं सगळं त्यांचं. आमची गाईड पंचविशीतली मुलगी होती, हातात उंच धरलेली पाटी. तिने बोट दाखवत आम्हाला मोजलं, बावीस भरले, आणि ती म्हणाली, "तमाम."

मी चमकले. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, कान शब्दांवरच असतो. तिला विचारलं तेव्हा कळलं की तुर्कीत 'तमाम' म्हणजे ठीक, झालं, पुरं. आपल्याकडे तमाम जनता आणि तमाम श्रोते. त्यातला 'पुरं' हा अर्थ मात्र दोन्हीकडे आहे. हे शब्द तुर्कांकडून थेट आपल्याकडे आले असं नाही. बहुतेक अरबी-फारसीतले. तिथून ते पश्चिमेला तुर्कीत गेले आणि दख्खनच्या राजवटींबरोबर आपल्याकडे आले. तरी विमानतळापासून जुनं शहर चाळीसेक किलोमीटर, आणि त्या तासाभरात दुकानांच्या पाट्यांवर आणि गाईडच्या बोलण्यात मला ओळखीचीच माणसं भेटत होती. साबण तिथे 'साबुन', हिशेब 'हेसाप', चहा 'चाय'. 'देफ्तर' म्हणजे वही. आणि आमची मुलं चौतीस वर्षं पाठीवर दप्तर घेऊन माझ्या वर्गात आली. 'तारिह' म्हणजे तारीख, पण इतिहाससुद्धा. हे ऐकून मी वहीत लिहूनच घेतलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यामागची तळमळ मी दरवर्षी मुलांना सांगत असे. आणि तरी दप्तर आणि हिशेब आपल्या घरात राहिलेच, इतके की ते बाहेरून आले होते हेही आपण विसरलो.

मधे रस्ता एका प्रचंड दगडी पुलाच्या कमानींखालून गेला. तो पूल माणसांसाठी नाही, पाण्यासाठी बांधलेला. चौथ्या शतकातला, सम्राट व्हॅलेन्सच्या काळातला. खालून बस आणि मोटारी जातात, वर आता पाणी नाही.

उतरलो ते सुलतानअहमतच्या चौकात. गाईड म्हणाली, हे 'मेयदान'. मैदानच ते. पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वी इथे रथांच्या शर्यती व्हायच्या, हिप्पोड्रोम म्हणायचे. इ.स. ५३२ मध्ये इथेच राजाविरुद्ध बंड पेटलं, आणि प्रोकोपिअस या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की तीस हजारांवर माणसं मारली गेली. त्या आगीत जुनं चर्च जळालं. त्याच जागी सम्राट जस्टिनियनने सहा वर्षांच्या आत आयासोफ्या उभी केली, ५३७ साली. १४५३ मध्ये तिची मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. रांग फार मोठी होती, म्हणून ती आम्ही बाहेरूनच पाहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं मन आधीच दुसरीकडे अडकलं होतं.

मैदानाच्या मधोमध एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला गुलाबी ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोस राजासाठी तो घडवला आणि कर्नाकच्या देवळात उभा केला. तिथून तो नाईलवरून, समुद्रातून इथे आणला आणि इ.स. ३९० मध्ये सम्राट थिओडोसिअसने उभा केला. खालचा भाग तुटला, उरलेला वरचा तेवढा उभा आहे. अंगावरची चित्रलिपी मात्र इतकी स्वच्छ की पक्ष्यांचे डोळे दिसतात. स्तंभ सरळ चौथऱ्यावर नाही. चार कोपऱ्यांना पितळी रंगाचे चार ठोकळे आहेत, ब्राँझचे, आणि एवढा सगळा भार त्यांच्यावर. स्तंभ आणि चौथरा यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. मी तो उजेड बघत उभी राहिले. सोळाशे वर्षं, भूकंपांच्या गावात, चार ठोकळ्यांवर.

जमीन तेव्हापासून वर आली आहे, म्हणून चौथऱ्याचा पाया खड्ड्यात आहे आणि भोवती कठडा. गाईडने सांगितलं की चौथऱ्यावर हा दगड कसा उभा केला ते कोरलं आहे, एका बाजूला लॅटिनमध्ये, विरुद्ध बाजूला ग्रीकमध्ये. लॅटिन लेख म्हणतो तीस दिवस लागले. ग्रीक म्हणतो बत्तीस. ज्या अधिकाऱ्याने हे काम करवून घेतलं त्या प्रोक्लसचं नाव दोन्हीकडे आहे. पुढे त्याला मृत्युदंड झाला तेव्हा ते खोडून काढलं होतं, नंतर पुन्हा कोरलं.

ती पुढे निघाली, बाकीचे तिच्यामागे. मी कठड्याला धरून चौथऱ्याभोवती फिरले. मला लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही. पण एकाच दगडावर, एकाच वर्षी, एकाच राजाच्या हुकमाने दोन वेगवेगळे आकडे कोरले जातात आणि दोन्ही तसेच राहतात, हे मला सोडवेना. चौथऱ्यावर खाली दोर, चाकं आणि ओढणारी माणसं कोरली आहेत. त्यांचे चेहरे झिजले आहेत, वाकलेल्या पाठी शाबूत आहेत. आकडा त्या पाठींनाच माहीत असणार.

मान वर केली तर आमची पाटी कुठेच नव्हती.

चार-पाच पाट्या दिसत होत्या, चार-पाच झेंडे, पण आमचा एकही चेहरा नाही. फोनला तिथलं नेटवर्क नाही. पासपोर्ट आहे का ते पिशवीत हाताने चाचपलं. होता. घशाला कोरड पडली. कठड्यापासून दहा पावलांवर लाल हातगाडी घेऊन एक मिशाळ माणूस सिमीत विकत होता. सिमीत म्हणजे तिळाने मढवलेलं पावाचं मोठं कडं. तो मघापासून माझ्याकडे बघत असावा. त्याने हाक मारली, "तेयझे!" मी हाताने उंच पाटीची खूण केली. त्याने मान हलवली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. मग कागदात एक सिमीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी पैसे काढायला लागले तर तो दोन्ही हातांनी 'नको, पळा' म्हणत होता. तेवढ्यात लांबून पिवळं फडकं हलताना दिसलं. नैरोबीच्या बाई मला शोधत परत आल्या होत्या. बसमध्ये माझी जागा त्यांच्या शेजारची, त्यामुळे एकवीसच आहेत हे त्यांच्याच आधी लक्षात आलं.

गाईड रागावली नाही. फक्त विचारलं, "तमाम?" मी म्हटलं, "तमाम." मग तिला विचारलं, 'तेयझे' म्हणजे काय? म्हणाली, आईची बहीण. रस्त्यावरच्या वडीलधाऱ्या बाईला आम्ही तशी हाक मारतो. म्हणजे मावशी. सातारच्या मंडईत मला जी हाक ऐकू येते, तीच. शब्द वेगळा, माया तीच. ते सिमीत मी नैरोबीच्या बाईंना अर्धं दिलं. अजून कोमट होतं, तीळ बोटांना चिकटत होते.

पुढे सर्पस्तंभ पाहिला, तीन सापांचा पीळ, डेल्फीहून आणलेला. इ.स.पूर्व ४७९ मध्ये ग्रीकांनी इराण्यांवर मिळवलेल्या विजयाची ती खूण होती. सापांची डोकी आता नाहीत. याच मैदानात ब्राँझचे चार घोडे होते, ते १२०४ च्या धर्मयुद्धातल्या लुटीत व्हेनिसला गेले. जर्मन कैसरने भेट दिलेलं कारंजं आहे, जर्मनीत बनवून तुकड्या-तुकड्यांनी जहाजातून आणलेलं. त्या मैदानात उभ्या असलेल्या बऱ्याच गोष्टी धड तिथल्या नाहीत, आणि तिथून गेलेली गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी गावाची शान झाली आहे. माझ्या तोंडातल्या शब्दांसारखंच.

निळ्या मशिदीत बूट काढायला लागले. रात्रभर कोंडलेले पाय जाड, मऊ गालिच्यावर टेकले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सुलतान अहमदने १६०९ ते १६१६ या काळात ती बांधली. आत इझनिकच्या वीस हजारांवर फरशा आहेत, निळ्या फुलांच्या, ट्यूलिपच्या. मी ओढणी डोक्यावर घेऊन खांबाशेजारी उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही.

तिथून जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यात गेलो. सहाव्या शतकातलं, तीनशे छत्तीस खांब, खाली घोटाभर पाणी, वर ओलसर गारवा. खांब बरेचसे जुन्या इमारतींमधून काढून आणलेले, म्हणून एकाचं डोकं दुसऱ्याशी जुळत नाही. दोन खांबांखाली मेडुसाची दगडी मुंडकी आहेत, एक आडवं, एक उलटं. मला आमच्या लिंबची बारा मोटेची विहीर आठवली. वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, तीही पायऱ्या उतरत गेलं की अशीच गार पडत जाते. नैरोबीच्या बाईंना ते सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

जेवायला मसुराच्या डाळीचं सूप होतं, वरून लिंबू पिळलेलं, वाळका पुदिना भुरभुरलेला. पातळ आमटीच म्हणा. दुपारी तीनपर्यंत बस परत विमानतळावर आली. गाईडने पुन्हा मोजलं. बावीस. नैरोबीच्या बाईंचं विमान आधी होतं. त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या ओढणीवरचा एक तीळ बोटाने उडवला.

नातवाला फोन लावला. तिकडे सकाळ, तो दुधात बुडवून बिस्कीट खात होता. मी त्याला त्या दगडाची गोष्ट सांगितली, चार ठोकळ्यांची, दोरांची, तीस दिवसांची आणि बत्तीस दिवसांची. त्याने बराच वेळ विचार केला.

"आजी," तो म्हणाला, "मग ते दोन दिवस दगड कुठे होता?"