खोबण एक, बोली अनेक

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी टाइप-सीसाठी ‘आयएस/आयईसी ६२६८०-१-३’ हे मानक प्रसिद्ध केल्याचे वृत्त आले, तेव्हा मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगून टाकले होते, की आता घराघरांतले चार्जरांचे जंजाळ संपेल आणि कोणताही चार्जर कोणत्याही उपकरणाला चालेल. पदवीच्या मुलांना विद्युतशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इतके सैल विधान करू नये. ते किती सैल होते हे मला उमगले ते बाबांच्या बोलिंगमुळे. क्रिकेटच्या नव्हे, लाकडी पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याच्या.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा सांगलीहून आमच्याकडे बंगळुरूला राहायला आले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि व्यायामाचा त्यांना मनस्वी कंटाळा. ताईने अमेरिकेतून येताना तिच्या मुलाचा जुना निन्टेन्डो स्विच आणला. टीव्हीवरचा तो बोलिंगचा खेळ बाबांना असा काही भावला, की रोज सायंकाळी पाच वाजता ते स्वतःहून खुर्ची टीव्हीसमोर सरकवून घेऊ लागले. फिजिओथेरपिस्ट बाईंनीही हसून संमती दिली. हातातल्या छोट्या पडद्यावरचे बाबांना नीट दिसत नाही, त्यामुळे यंत्र डॉकमध्ये बसवून टीव्हीला जोडणे आम्हांला अपरिहार्य होते.

आणि एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली, आली; अ‍ॅडाप्टर मात्र परत आला नाही.

मी निश्चिंत होतो. या यंत्राला २०१७ पासूनच टाइप-सी खोबण आहे आणि घरात टाइप-सी चार्जर चार होते. जळालेल्या अ‍ॅडाप्टरवर १५ व्होल्ट, २.६ अँपिअर, म्हणजे ३९ वॉट असे छापलेले. माझ्या लॅपटॉपचा चार्जर साठ वॉटांहून अधिक क्षमतेचा. थोरल्याच्या पोटात धाकटा मावणारच, असा माझा हिशेब. जोडला, टीव्ही काळाच. यंत्र डॉकमधून काढून थेट जोडले, तर निमूट चार्ज होऊ लागले! मग मोबाइलचा ६७ वॉटांचा चार्जर लावून पाहिला. तीच गत. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होते. शिक्षकाला विद्यार्थ्यांपुढे चुकण्याची सवय असते, वडिलांपुढे नसते.

आता कारण पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. टाइप-सीच्या चोवीस संपर्कबिंदूंपैकी सीसी नावाची दोन केवळ ओळखपाळखीसाठी राखून ठेवलेली आहेत. ऊर्जा घेणारे उपकरण तेथे ५.१ किलोओहमचा रोध ठेवते. तो जाणवला की पुरवठादाराला समजते, पलीकडे कोणीतरी आहे. त्यानंतरच तो ५ व्होल्ट सोडतो. मग त्याच तारेवरून, सेकंदाला सुमारे तीन लाख बिटांच्या वेगाने, बोलणी सुरू होतात. चार्जर आपली यादी वाचून दाखवतो: पाच देईन, नऊ देईन, वीस देईन. उपकरण त्यांतील एक मागते, चार्जर होकार देतो आणि मगच दाब वाढतो. डॉकला हवे होते पंधरा. माझा थोरला चार्जर नवावरून एकदम विसावर उडी घेणारा निघाला. त्याच्या यादीत पंधरा नव्हतेच. मोबाइलच्या चार्जरचे ६७ वॉट त्याच्या कंपनीच्या खासगी बोलीत होते. सामाईक बोलीत तो पाच व्होल्टांपलीकडे अवाक्षर काढत नव्हता. थोरल्याच्या पोटात धाकटा मावतो हे गणित वॉटांचे. येथे प्रश्न यादीचा होता.

डॉकने पंधरा व्होल्टांचा हट्ट का धरावा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. पाच व्होल्टांवर ३९ वॉट वाहून न्यायचे तर ७.८ अँपिअर प्रवाह लागेल. साध्या टाइप-सी केबलची मर्यादा तीन अँपिअरांची. प्रवाह तिप्पट झाला की तारेतील उष्णता नऊपट होते. हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी ते मला माझ्याच दिवाणखान्यात भेटले.

दुसऱ्या दिवशी एस. पी. रोड गाठला. बंगळुरूमधल्या या बाजारात विजेची कोणती वस्तू मिळत नाही, हे शोधणेच अवघड. एका दुकानदाराने टाइप-सी पिनेचा अ‍ॅडाप्टर पुढे केला. ‘पक्का पंधरा व्होल्ट, साहेब.’ किंमतही माफक. घरी येऊन तो खोचणारच होतो. पण जुन्या खोडीने आधी चाचणीची छोटी पट्टी लावून मल्टिमीटर धरला. पलीकडे काहीही जोडलेले नसताना काटेकोर १५.१ व्होल्ट! ना ओळख, ना यादी, ना होकार.

माझ्या अंगावर काटा आला तो यंत्रासाठी नव्हे. बाबांना सांभाळायला येणाऱ्या अक्का आपला फोन दिसेल त्या चार्जरला लावतात. पीन बसली की झाले, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा म्हणवत नाही, कारण हेच तर मी वर्गात सांगितले होते. त्यांचे बँकेचे व्यवहार, गावाकडच्या मुलीशी बोलणे, सारे त्या एका फोनात. पाच व्होल्टांची अपेक्षा ठेवून बसलेल्या फोनावर ते पंधरा व्होल्ट थेट आदळले असते. २०१६ मध्ये बेन्सन ल्युंग या गूगलच्या अभियंत्याचा लॅपटॉप एका चुकीच्या जोडणीच्या टाइप-सी केबलने असाच निकामी केला होता. तो तर केबली तपासण्यातला जाणता माणूस.

समोर कोणी असल्याची खात्री होईपर्यंत खोबणीत दाब सोडायचा नाही, ही अट टाइप-सीच्या मानकातच आहे. म्हणजे आपण ज्याची ‘सर्वांना एकच पीन’ अशी बातमी केली, त्याचा गाभा पिनेच्या आकाराइतकाच या संयमातही आहे. आणि व्होल्टांची सविस्तर बोलणी तर आयईसीच्या शेजारच्या, ६२६८०-१-२ या भागात आहेत. अ‍ॅडाप्टरांना २०१२ च्या आदेशाने सक्तीची नोंदणी लागू झाली, ती सुरक्षिततेची. यादीत पंधरा आहेत की नाहीत, हे ग्राहकाला कळते ते भिंगातून वाचाव्या लागणाऱ्या करड्या अक्षरांतूनच. वेष्टनावर वॉटांचा आकडा मात्र अंगठ्याएवढा! माझे स्पष्ट मत आहे, की ती यादीही त्याच आकारात छापणे बंधनकारक व्हावे.

तो अ‍ॅडाप्टर मी पीन कापून वर्गात दाखवायला ठेवला आहे. नंतर भिंग घेऊनच ‘१५ व्होल्ट, ३ अँपिअर’ असे छापलेला, दोन खोबणींचा ६५ वॉटांचा चार्जर आणला. डॉकवरचा हिरवा दिवा लागला. बाबांनी मनगटात पट्टा अडकवला, हात मागे नेला, चेंडू सोडला. आणि तत्क्षणी टीव्ही काळाठिक्कर. अक्कांनी दुसऱ्या खोबणीत फोन लावला होता. वाटेकरी वाढला की चार्जर आधीचा करार मोडून नव्याने यादी वाचतो, हे मला समजावून सांगायचे होते. पण बाबा हात तसाच खांद्याच्या वर धरून विचारत होते, ‘अरे, पिना किती पडल्या?’