केशरी दिव्यावरची चिकटपट्टी

सर्व्हर या प्रकरणाबद्दल आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. तो म्हणजे सर्व्हर ही वस्तू नसतेच मुळी! ते कुठेतरी ढगात असतं, महिन्याला बिल येतं, आणि बिघडलं तर ते बंद करून दुसरं चालू करायचं. दहा-दहा वर्षं नोकरी केलेल्या कित्येकांनी सर्व्हरचा पंखा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. (आवाज ऐकला असता तर नोकरीच बदलली असती म्हणा. :) )

पण ढगाच्या खाली, जमिनीवर, अजून पुष्कळ सर्व्हर आहेत. शाळेत, पतसंस्थेत, छोट्या दवाखान्यात, टेबलाखाली, जिन्याखाली, कुठेही. त्यांचा कुणी ॲडमिन नसतो. "तो संगणकवाला मुलगा" असतो, आणि तो पुण्याला गेलेला असतो.

आजची गोष्ट अशाच एका सर्व्हरची. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे, शंभरी ओलांडलेलं. माझ्या एका मित्राचं ते गाव. वाचनालयाकडे जुन्या मासिकांचे, स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की कोपरा हातात येतो. म्हणून अकरा वर्षांपूर्वी ग्रंथपाल बाईंनी स्कॅनिंग सुरू केलं. रोज दुपारी दोन तास, एकेक पान. हे सगळं काम एका सर्व्हरवर साठवलेलं. तो एका आयटी कंपनीने जुना झाला म्हणून काढून टाकलेला, देणगीत आलेला. चार डिस्क, रेड ५, आणि वर एक कार्ड.

मित्र म्हणाला, "अरे, तो जरा हळू चालतोय. तू जाऊन बघ ना, त्यावर काहीतरी तपासणीचं सॉफ्टवेअर टाकून दे." मी म्हटलं जाऊ. शनिवार होता, पाऊस होता, खंबाटकीचा घाट होता. अजून काय पाहिजे?

पोचलो तर सर्व्हर जिन्याखाली. पुढच्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा नीट कापून लावलेला. पट्टी काढली तर खाली केशरी दिवा लुकलुकतोय.

मी शिपाई मामांना विचारलं, "मामा, ही पट्टी कुणी लावली?"

"मीच लावली की साहेब. रात्री इथंच झोपतो मी. डोळ्यावर यायचा तो दिवा."

"कधीपासून लागतोय?"

"झालं असतील दोन पावसाळे."

मला हसावं की रडावं कळेना. मामांची काही चूक नव्हती. केशरी दिवा म्हणजे 'डिस्क गेली' हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो झोपेत व्यत्यय आणणारा दिवा होता, आणि त्यावर त्यांनी योग्य तो उपाय केला होता.

आता ज्यांना रेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेड ५ मध्ये डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतात आणि त्याबरोबर थोडी जादा माहिती लिहितात. त्यामुळे एक डिस्क मेली तरी तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांवरून गणिताने परत काढता येतो. म्हणून एक डिस्क गेल्यावर काही बंद पडत नाही, जरा हळू चालतं एवढंच. पण त्या क्षणापासून तुमच्याकडे जादा काहीच उरलेलं नसतं. दुसरी गेली की खेळ खलास. हे यंत्र दोन पावसाळे असं दोरीवर चालत होतं.

सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. पहिलं आयपीएमआयटूल. आयपीएमआय हे १९९८ साली आलेलं मानक. सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळा छोटा संगणक असतो, बीएमसी नावाचा, तो मुख्य यंत्र बंद असतानाही जागा असतो आणि तापमान, पंखे, वीजपुरवठा यांच्या नोंदी आपल्या डायरीत लिहीत बसतो. आधी कर्नलची दोन मॉड्यूल चढवावी लागतात, नाहीतर "असं काही उपकरणच नाही" असं उत्तर येतं आणि माणूस उगाच हार्डवेअरला शिव्या देतो. मॉड्यूल चढवली, डायरी उघडली. डिस्क गेल्याची तारीख व्यवस्थित लिहिलेली. त्यानंतर वीज गेल्याच्या आणि आल्याच्या नोंदींनी डायरी गच्च भरलेली. मग पुढे काही नाही, जागाच संपली होती.

यंत्र बोलत होतं हो, पण कुणाशी? सेटिंगमध्ये पाहिलं. धोक्याची सूचना पाठवायला ईमेल पत्ता दिलेला होता. तो होता आधीच्या मालकाच्या कुठल्यातरी विभागाचा! त्या कंपनीचा मेल सर्व्हर या जिन्याखालून दिसण्याची सुतराम शक्यता नाही.

दुसरं स्मार्टमॉनटूल्स. इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला भयंकर आवडते. हे सॉफ्टवेअर २००२ साली ब्रूस ॲलन यांनी सुरू केलं. हे गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञ, गुरुत्वीय लहरी शोधणारे. त्या शोधाचं गणित करायला स्वस्तातले शेकडो संगणक एकत्र जोडलेले, त्यातल्या डिस्क मरायच्या, आणि कुठली मरणार हे आधी कळावं म्हणून हे केलं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्या लहरी खरोखर सापडल्या. त्याच लहरींसाठीची एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. विश्वाचा कानोसा घेणाऱ्या माणसाला आधी स्वतःच्या डिस्कचा कानोसा घ्यावा लागला... असो, परत जिन्याखाली येऊ.

स्मार्टसीटीएल चालवलं तर उत्तर आलं की ही डिस्क स्मार्ट वगैरे काही जाणत नाही. इथे बरेच जण सोडून देतात. पण आपण विचारतोय कार्डला, डिस्कला नाही. रेड कार्ड चार डिस्क पोटात घेऊन बाहेर एकच खोटी डिस्क दाखवतं. तेव्हा आदेशात 'मेगारेड' असं लिहून पुढे स्वल्पविराम आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो. मग कार्ड बाजूला सरकतं आणि प्रत्येक डिस्क स्वतः बोलते.

डिस्क बोलते म्हणजे वीस-पंचवीस आकड्यांचा तक्ता देते. त्यातले बहुतेक आकडे बघून घाबरू नये. काही कंपन्यांच्या डिस्कवर 'वाचताना झालेल्या चुका' या ओळीत कोटींतला आकडा येतो, तो त्यांच्या मोजणीच्या पद्धतीमुळे. धडधाकट डिस्कवरही तसाच येतो. १९९ क्रमांकाची ओळ वाढत असेल तर बहुधा केबल खराब. पण ५, १९७ आणि १९८ या तीन ओळी शून्य पाहिजेत. ५ म्हणजे किती जागा निकामी होऊन बदलल्या, १९७ म्हणजे किती जागा आत्ता वाचता येत नाहीयेत, १९८ म्हणजे स्वतःच्या तपासणीत किती जागा हाती लागल्या नाहीत.

पहिल्या दोन डिस्क, शून्य शून्य शून्य. तिसरी मेलेलीच. चौथी... १९७ मध्ये २४.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. २४ हा आकडा तसा किरकोळ. रेड धडधाकट असतं तर कार्डाने बाकीच्या डिस्कवरून त्या जागा भरून काढल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं. पण आता भरून काढायला काही नव्हतंच. आणि गूगलच्या तिघांचा २००७ चा प्रसिद्ध निबंध माझ्या डोक्यात होता. एक लाखाहून जास्त डिस्क त्यांनी अभ्यासल्या. तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट.

आता खरा पेच. मला बोलावलं होतं तपासणी करायला. स्मार्टची लांब तपासणी सुरू केली तर डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली जाते, काही तास घासली जाते. त्यातून पक्कं निदान मिळेल. पण निदानाच्या त्या श्रमानेच रोगी गेला तर? नवी डिस्क लावून रेड पुन्हा बांधायला घेतलं तरी तेच, उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जाणार, आणि त्या २४ जागांशी येऊन गाडी अडकणार.

म्हणून तपासणी बाजूला ठेवली. बाईंना म्हटलं, "आधी सगळं बाहेर काढू. मग काय व्हायचं ते होऊ दे." गावातल्या दुकानातून दोन बाहेरच्या डिस्क आणल्या. डेटा साधारण दोन टीबी. सर्व्हर जुना, यूएसबी २ वाला, सेकंदाला तीसेक एमबी. हिशोब करा: साडेअठरा तास. तेही फक्त एका प्रतीचे.

शनिवारी दुपारी दोनला आरसिंक सुरू केलं. बाई सात वाजता घरी जायच्या त्या गेल्याच नाहीत. पडद्यावर फायलींची नावं सरकत होती आणि त्या ओळखत होत्या. "हा १९३१ चा दिवाळी अंक... हा खंड मी मुलीच्या दहावीच्या वर्षी केला..." मला नुसती फाइल दिसत होती, त्यांना ती दुपार दिसत होती. अकरा वर्षं रोज दोन तास म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आपण ज्याला 'डेटा' म्हणतो तो कुणाच्या तरी दुपारींचा गठ्ठा असतो.

रविवारी सकाळी साडेनऊला संपलं. अकरा फायली वाचता आल्या नाहीत. बाईंनी यादी घेतली आणि तडक कपाटाकडे गेल्या. आठ पानांचे मूळ खंड सापडले, पुन्हा स्कॅन होतील. तीन पानांचा खंड दोन वर्षांपूर्वी वाळवीने खाल्ला होता. ती तीन पानं गेली. एका बंद पडलेल्या साप्ताहिकाची तीन पानं, जगात दुसरी प्रत असेलच असं नाही.

बाई काही बोलल्या नाहीत. यादीवर त्या तीन ओळींपुढे पेनाने फुली मारली, इतकंच. मला मात्र तो केशरी दिवा आणि ती काळी पट्टी आठवत राहिली. त्या दिव्याचा अर्थ सांगणारा एक माणूस दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे असता, तर ती तीन पानं आज असती.

पुढचं काम दोन शनिवार-रविवारांत झालं. दोन्ही डिस्क बदलल्या, रेड नव्याने बांधलं, एक प्रत अध्यक्षांच्या घरी कपाटात ठेवली. मग रासडीमन बसवलं, ते मेमरीच्या चुका मोजतं. सर्व्हरच्या मेमरीत ईसीसी असतं, ६४ बिटांमागे ८ जादा बिट, त्यामुळे एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते. गंमत अशी की म्हणूनच रात्रभर मेमटेस्ट चालवून "सगळं ठीक" आलं तरी पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. चूक होते, दुरुस्त होते, चाचणीला पत्ताच नाही! मोजणी बघावी लागते. आठपैकी एका पट्टीवर आठवड्यात काहीशे चुका निघाल्या. काढून टाकली.

शेवटी स्मार्टडी. रोज रात्री दोनला छोटी तपासणी, शनिवारी पहाटे तीनला मोठी, काही आढळलं तर मेल. आणि इथेच बहुतेकांची गाडी फसते. बऱ्याच ठिकाणी हा मेल त्याच यंत्रावरच्या रूटच्या पेटीत जाऊन पडतो. घरात चोर शिरला म्हणून घरातल्याच तिजोरीत चिठ्ठी टाकण्यासारखं. स्मार्टडीला एक चाचणीचा पर्याय आहे, चालू होताना खोटी सूचना पाठवून बघतो. तो वापरला, आणि बाईंच्या फोनवर मेल वाजल्यावरच उठलो.

तेवढ्यानेही भागत नाही. त्याच २००७ च्या निबंधात हेही आहे की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर महत्त्वाच्या चार स्मार्ट लक्षणांपैकी एकही दिसलं नव्हतं. आणि प्रोसेसर? फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ साली लिहिलं, त्यांच्याकडे एक प्रोसेसर सापडला, त्याचा एक कोअर १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक विचारला की १५६ ऐवजी शून्य सांगायचा. बाकी गणितं बरोबर, दिवा हिरवा, तक्रार काही नाही. तेव्हा तपासणीचं सॉफ्टवेअर ही प्रतीची जागा घेत नाही. आधी प्रत, मग तपासणी.

निघताना मी बाईंना विचारलं, मेल कोण बघणार? तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण? त्यांनी वाचनालयाचं रोजचं हजेरी-रजिस्टर काढलं, पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: 'दिवा'. रोज सकाळी मामांनी बघून लिहायचं, हिरवा की केशरी. केशरी असेल तर भिंतीवरच्या दोन नंबरांपैकी एकाला फोन. मी इतकी वर्षं मॉनिटरिंगची नाना साधनं पाहिलीत, पण हे फारच आवडलं.

तुमच्या ओळखीच्या शाळेत, सोसायटीत, काकांच्या दवाखान्यात असा एखादा सर्व्हर असेल तर या शनिवारी जाऊन या. सॉफ्टवेअर बसवायला तासभर पुरतो. पण जाताना एक बाहेरची डिस्क घेऊन जा, आणि सगळ्यात आधी विचारा की सूचना कुणाच्या पत्त्यावर जाते.

बाकी पुढच्या आठवड्यात. त्या आठ पानांपैकी पाच झाली, असा बाईंचा कालच फोन आला होता.