हर्णैची काजळी

हर्णैला जाणारा प्रवासी साधारणपणे दोन गोष्टी पाहायला जातो. एक, समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग, जो १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला. आणि दुसरी, संध्याकाळचा माशांचा लिलाव. मी गेलो तो भर आषाढात. दुर्ग पावसाच्या पडद्याआड होता आणि १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असल्यामुळे किनाऱ्यावरचा गलबला ओसरला होता. तरी वाचकहो, ती खेप फुकट गेली असे मात्र समजू नका!

या दिवसांत होड्या अंजर्ल्याच्या खाडीत किंवा किनाऱ्यावर ताडपत्रीखाली विसावतात आणि त्यांची इंजिने उघडली जातात. पावसाचा आडोसा म्हणून मी एका पत्र्याच्या छपरात शिरलो. तिथे सहा सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन सुटे होऊन पडले होते. भोवती काळ्या पाण्याची पिंपे आणि डिझेलचा दर्प. सारा गाव ज्यांना चाचा म्हणतो ते म्हातारे मिस्त्री पाटावर बसून बांबूच्या कामटीने पिस्टन खरवडत होते.

"लोखंडी पटाशीने लवकर होईल की," मी म्हणालो.

"होईल ना! पण पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, भाऊ. ओरखडा पडला की काजळी पुढच्या वेळी तिथेच आधी बसते."

मग एकेक गोष्ट कळत गेली. जाळे ओढताना किंवा वाट पाहताना इंजिन तासन्‌तास मंद चालते, तेल पुरते जळत नाही आणि कार्बन साठतो. तो रिंगांच्या खाचांत भरला की रिंगा जखडतात. मग इंजिन धूर ओकते आणि वंगण पिते. बीडाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात घालतात. पिस्टन मात्र त्यात चुकूनही पडता कामा नये, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. ते रात्रभर डिझेलमध्ये भिजतात. खाचा साफ करायला जुन्याच रिंगेचा तुकडा, आणि वंगणाच्या बारीक भोकांना तार. पॉलिशपेपरला इथे बंदी. त्याची रेती मऊ बेरिंगमध्ये रुतली की क्रँक घासून काढते. शेवटी साबणाचे ऊन पाणी, आणि लगेच तेलाचा हात, कारण खारी हवा धुतलेल्या लोखंडाला दुपारपर्यंतही मोकळे ठेवत नाही.

तिसऱ्या प्रहरी हेड धुऊन निघाले. चाचांनी त्यावर पातळ डिझेल फिरवले, फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड चोळली. आम्ही थांबलो. थोड्या वेळाने दोन व्हॉल्वच्या मधोमध पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेले डिझेल बाहेर येत होते.

नाखवा शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "चाचा, एवढा एक हंगाम ओढील का हो?"

"ओढीलही. पण तुझ्या होडीवर माणसं किती?"

"आठ."

"मग मी हे हेड बसवत नाही, बाबा. रस्त्यात ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर चहा प्यायला जातो. तुझी माणसं कुठे जातील?"

नाखवा बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला. कर्ज आधीचेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्‌.टी.ने तो रत्नागिरीला दुसरे हेड शोधायला निघाला. मीही त्याच गाडीत होतो.

वाटेत तो म्हणाला, "काजळी होती तोवर बरं होतं, काही दिसत नव्हतं." आणि जरा वेळाने स्वतःच हसला. "पण भेग तेव्हाही होतीच की."

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, हे आपणां सर्वांना ठाऊक असते. त्याआधी दीड-दोन महिने कोणीतरी छपरात बसून कामटीने काजळी खरवडत असतो, हे मला हर्णैने दाखवले.