भिंगरी

लातूर जिल्ह्यात आमच्या गावाकडे कारवानी कुत्रं कोणी दारात बांधून ठेवत नाही. ते मेंढरांमागे रानात असतं, नाहीतर बांधाच्या सावलीला पडलेलं असतं. लांबट निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट आणि कातड्याखालून दिसणाऱ्या बरगड्या. शहरातला माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा उपाशी ठेवलंय का, असंच विचारतो. पण त्याची बांधणीच तशी. वासापेक्षा नजरेवर चालणारं हे जनावर. दूरवर काहीतरी हललं की ते दिसतं आणि दिसलं की सुटतं. पूर्वी सशांवर ही कुत्री सोडत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली, पळणं मात्र अंगात राहिलं.

अशा जातीची एक पिल्ली आमच्या देहूच्या वन बीएचकेमध्ये राहायला आली, ती आईमुळे. वडील गेल्यावर आईला मी इकडे आणायचं ठरवलं. त्याच महिन्यात चुलत्यांची कुत्री ट्रॅक्टरखाली सापडली. तिची बाकीची पिल्लं लोकांनी नेली. एक मागे राहिली होती, तिला आई कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. निघायच्या दिवशी आईने पिशवीत कपडे भरले आणि पिल्लू पदराखाली घेतलं. चुलते म्हणाले, "वैनी, वाऱ्यावरचं जित्राब हाय ते. खोलीत कसं ठिवताव?" आई म्हणाली, "मी ऱ्हाईन तसं ते ऱ्हाईल." त्यावर कोणी काही बोललं नाही.

नाव लेकीने ठेवलं, भिंगरी. सहा महिन्यांची झाली तेव्हा ते किती नेमकं आहे ते कळलं. गॅलरीतून हॉल, हॉलमधून किचन, किचनमधून पलंगावर आणि परत गॅलरी. दारातल्या चपला, सोफ्याच्या उशा, लेकीचं कंपासपेटीतलं रबर, काही सुटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना फरशीवर नखांचा आवाज येई. तक्रार आली, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आला, लिफ्टमधून कुत्रं न्यायचं नाही अशी सूचना निघाली. भारतीय पशु कल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तो कागद मी छापून दिला. पण खरा उपयोग झाला तो आईने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या विणून हॉलभर अंथरलेल्या सतरंज्यांचा. आवाज थांबला आणि काकू स्वतः तिच्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवू लागल्या.

लोक मला सांगत, रोज तासभर फिरव, दमेल. तिला साखळी लावून मी गाथा मंदिरापर्यंत नेऊन आणायचो. आल्यावर ती पुन्हा पलंगावरून उडी मारायला तयार. चालणं हे तिच्या लेखी पळणंच नव्हतं. आणि साखळीचं एक वेगळंच. या जातीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. रुंद, ओढल्यावर मानेवर बेताने आवळणारा पट्टा चिंचवडहून आणावा लागला. तिला मोकळं सोडणं तर रस्त्याच्या कडेला शक्यच नव्हतं. तळवड्याच्या बाजूने कंपन्यांच्या बसगाड्या आणि ट्रेलर अखंड चालू. पलीकडच्या कडेला एखादं मांजर हललं असतं, तर तिने मधला रस्ता पाहिलाच नसता.

मग एका ओळखीच्या शेतकऱ्याने जागा दिली. गावाबाहेर त्यांची प्लॉटिंगसाठी राखलेली जमीन होती, चारी बाजूंनी भिंत, आत गवत आणि दोन बाभळी. फाटक लावून घेतलं आणि पट्टा काढला. क्षणभर ती उभी राहिली, कान मागे गेले आणि सुटली. लहानपणापासून मी अशी कुत्री पाहत आलो होतो, पण इतक्या जवळून, चार भिंतींत गोल फिरताना कधी पाहिलं नव्हतं. भरधाव पळताना एका झेपेत तिचे चारही पाय दोनदा जमीन सोडायचे. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, एकदा चारही पाय पोटाखाली एकवटल्यावर. वारीच्या रिंगणात धावणारा घोडा एका झेपेत एकदाच अधांतरी असतो. वळणावर तिचं अंग जवळजवळ जमिनीला टेकायचं, शेपूट सुकाणूसारखी उलट बाजूला जायची, माती उडायची. चार-पाच फेऱ्या झाल्या की ती आपणहून माझ्यापाशी येऊन लांब पडायची. जीभ बाहेर, बरगड्यांचा भाता चाललेला, डोळे मात्र शांत. घरी आली ती दुपारपर्यंत झोपली.

तेव्हा या जातीचं मर्म आमच्या ध्यानात आलं. दिवसभर मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली, बर्फातून मैलोन्‌मैल गाडी ओढणारा हस्की, यांची ताकद लांब पुरणारी असते, तिला दिवसभर काम लागतं. नजरेवर चालणाऱ्या शिकारी कुत्र्याची ताकद मिनिटा-दोन मिनिटांत पेटून संपणारी. शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड इंग्लंडमध्ये लोक फ्लॅटमध्ये पाळतात ते यामुळेच. माझ्या पाहण्यातले कितीतरी हस्की इथल्या उन्हाळ्यात बाल्कनीत कण्हत असतात. त्यांचं घर भिंगरीच्या घरापेक्षा दुप्पट मोठं, पण उपयोग काय? त्या जनावराला लागतं ते काम आणि गारवा, दोन्ही तिथे नाही. हे पाहून मला खरंच त्रास होतो. घेण्याआधी ही जात जन्माला कशासाठी घातली गेली, एवढं तरी विचारायला हवं.

आमचं घड्याळ तिच्याभोवती फिरू लागलं. मला फर्स्ट शिफ्ट असली की बायको पहाटे तिला घेऊन जाई, नाईट असली की बसमधून उतरून मी सरळ फाटकाशी, आई तिला घेऊन तिथे आलेली. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत, कारण नंतर सिमेंट पायाला भाजतं. पळून आल्यावर तासभर जेवण नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळवल्याने जठराला पीळ पडण्याची भीती असते. मग ज्वारीची भाकरी, ताक आणि अंडं. संध्याकाळी आई तिच्यासाठी शेंगदाणे घरभर लपवून ठेवी. नजरेवर जगणाऱ्या कुत्रीला नाक वापरायला लावणं हा आईचा शोध, आणि पावसाळ्यात, मैदानात चिखल झाला की त्याच खेळावर आम्ही आठवडे काढले.

थंडी तिला सोसायची नाही. अंगावर चरबी नाही, केस आखूड. डिसेंबरात इंद्रायणीकडून वारा सुटला की ती आईच्या वाकळेत शिरे, फक्त नाक बाहेर. नसबंदीच्या वेळी डॉक्टरांनी मुद्दाम जात विचारून घेतली. अशा सडसडीत कुत्र्यांना काही भुलीची औषधं बाधतात, हे त्यांनी आधीच समजावून सांगितलं.

देहूचं वर्ष तुकाराम बीज आणि पालखी यांनी बांधलेलं असतं. फाल्गुन वद्य द्वितीयेला गावात पाऊल ठेवायला जागा नसते. ज्येष्ठात पालखी निघते तेव्हाही तेच. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली सुरू केलेला तो सोहळा. टाळ-मृदंगाला भिंगरी कधी बुजली नाही. उलट गॅलरीच्या गजातून मान काढून दिंड्या पाहत बसे. आमच्या जिन्यात मुक्कामाला उतरलेल्या लातूरकडच्या माळकरी आजी तिला पाहून म्हणाल्या, "अगं बाई, आपल्याकडचं कुत्रं!" आणि आईचा हात धरून बराच वेळ बोलत बसल्या. गाव सोडल्यापासून आई तेव्हा प्रथमच मनमोकळी हसली. मला वाटतं, भिंगरीने आमच्या घरात जे केलं त्यात ते सगळ्यात मोठं.

दहाव्या वर्षी फेऱ्या कमी झाल्या. आधी दोन, मग एक, मग नुसतं दुडकं. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला तिला गावी नेलं. बांधावरच्या बोरीखाली ती पडून असायची, मेंढरं गेली की मान उचलायची. मूत्रपिंडं थकली होती. उदगीरच्या डॉक्टरांनी सलाईन लावून पाहिलं. ती गेली तेव्हा आई उशाशी होती. तिथेच बोरीखाली पुरलं.

निघताना चुलत्यांनी नव्या वेतातलं एक पिल्लू समोर आणून ठेवलं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पळवायचं कुठं?" भिंगरीच्या मैदानात आता सात मजल्यांची इमारत उभी आहे. येलवाडीच्या बाजूला कुंपण घातलेली एक पडीक जमीन आहे, तिच्या मालकाशी बोलणं चालू आहे. पिल्लू दिवाळीपर्यंत ठेवतो, असं चुलते म्हणालेत.