लाटेशी भांडू नये

अगं,

तुझा फोन म्हणजे ‘बरी आहेस ना, चल ठेवते’. म्हणून हे पत्र. लेकीकडे ट्रॉन्डहाइमला आलेय. नॉर्वेतल्या या जूनमध्ये रात्री अकरालाही लख्ख उजेड, झोपेचा पत्ता नाही, मग छळायला तूच.

तुला सांगते, लेकीची प्रयोगशाळा पाहिली. 40 मीटर लांबीचा हौद, त्यात खेळण्यातली वाटावी अशी बोट. एका टोकाची फळी लाटा काढतेय, काठावर दोन-तीन हुशार पोरं टक लावून बसलीत. आणि बोट काय करतेय? काही नाही! जागच्या जागी उभी. मी म्हटलं, “एवढ्यासाठी पीएचडी?” लेकीचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

पण खोल समुद्रात नांगर पुरत नाही, तिथे जहाजाला स्वतःच्या पंख्यांच्या जोरावरच जागा धरावी लागते. 1961 साली मेक्सिकोजवळ ‘कस-वन’ जहाजाने साडेतीन हजार मीटर खोल पाण्यात असं उभं राहून समुद्रतळाला भोक पाडलं. चार पंखे, आणि ते चालवायला माणसाचा हात! त्याच वर्षी ‘युरेका’ जहाजावर हे काम यंत्राकडे गेलं.

या विद्येचा एक आद्य पुरुष मिनोर्स्की, रशियातून अमेरिकेत गेलेला. मुरलेला सुकाणूवाला काय काय पाहतो, याचं गणित त्याने 1922 मध्ये मांडलं. जहाज आत्ता किती भरकटलंय, किती वेगाने वळतंय, आणि आजवरची चूक साठून किती झाली. हे तिसरं वाचलं आणि मला तूच आठवलीस. 1998 चा हिशेब अजून तुझ्याकडे चोख! पण लेक म्हणते, साठा फार वाढला की जहाज हवं त्याच्या पलीकडे जातं. वेळीच लगाम घालावा लागतो. (साखरपुड्यात काय झालं ते मी काढत नाही.) मिनोर्स्कीचं यंत्र ‘न्यू मेक्सिको’ युद्धनौकेवर छान चाललं, तरी खलाशांनी नको म्हटलं म्हणून बारगळलं. सुकाणू कोणाला सोडवतं गं!

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. वारा नि प्रवाह जहाजाला हळूहळू लोटत नेतात, त्यांना उत्तर द्यायचं. लाट मात्र हलवते आणि आपणच परत आणून सोडते. तिच्याशी भांडलं तर इंधन जळतं, पंखे झिजतात, हाती शून्य. म्हणून मोजमापातून लाटेचं हलणं वेगळं काढून बाजूला ठेवतात. सत्तरच्या दशकात इथल्याच प्राध्यापक बाल्केन यांनी त्यासाठी काल्मन फिल्टर नावाची गणिती चाळणी वापरली. मी विचारलं, “बोटीला कळतं कसं, कुठली लाट नि कुठला प्रवाह?” लेक म्हणाली, “लाट काही सेकंदांत येऊन जाते आई, प्रवाह रेटतच राहतो.”

तर तुझ्या जावेचा अबोला ही लाट आहे, सोड. गुडघा मात्र गेल्या पावसाळ्यापासून रेटतोय. त्याला आधी डॉक्टरकडे ने, आणि काय म्हणाले ते लिही. फोनवर सांगितलंस तर ऐकणार नाही.

तुझीच